नातीचे केस आणि हिताची भाषा

ज्या पत्रिकेत नियती, नीती आणि मोक्ष अशा भारदस्त विषयांची चर्चा होते, तेथे एका सहा वर्षांच्या मुलीचे कोरडे, कुरळे केस कसे विंचरावेत हा विषय घेऊन येणे काही वाचकांना थिल्लर वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. आमचे स्वतःचे मतही दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसेच होते. केस हा वेणीफणीचा, म्हणजे स्त्रियांचा प्रांत; त्यात पुरुषाने, आणि तेही चौतीस वर्षे सरकारी दप्तरात घालवलेल्या पुरुषाने, लक्ष घालण्याचे कारण नाही, असे आम्ही समजत होतो. परंतु आमच्या हातून आयुष्यात जे अन्याय झाले असतील, त्यांपैकी एक निश्चितपणे या केसांच्या बाबतीत झाला, आणि तो हित करण्याच्या शुद्ध हेतूने झाला. दुसऱ्याचे हित त्याला न विचारता करण्याचा अधिकार आपल्याला कोठपर्यंत आहे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

आमचे घराणे होळकरशाहीत इंदुरास आले आणि येथलेच झाले. अशा जुन्या घरांत कुळाचार, गोत्र, सोवळे-ओवळे यांबरोबर नाकाडोळ्यांचाही एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो. घारे डोळे अमक्या आजोबांचे, रुंद कपाळ तमक्या काकूंचे, असा तो हिशेब. आमच्या घरात सर्वांचे केस सरळ, काळे, तेल लावले की मानेवर निमूट बसणारे. अशा घरात नात जन्मली आणि वर्षभरात तिच्या डोक्यावर बारीक बारीक वळ्यांचे एक रानच उगवले. हात लावला तर राठ, पाणी लावले तर क्षणभर मऊ आणि वाळताच पुन्हा भुरभुरीत. पहिला निष्कर्ष अर्थातच निघाला की हे केस सुनेच्या माहेरचे. सूनबाईंचे माहेर वडोदऱ्याचे. त्यांनी शांतपणे माहेरच्या चार पिढ्यांची छायाचित्रे दाखवली; त्यांत एकही कुरळे डोके नव्हते. तेव्हा मग 'कुठून आले कोण जाणे' असे म्हणून घराने तो विषय मिटवला. 'कोण जाणे' हे शब्द आपण किती सहज वापरतो, त्याचा प्रत्यय पुढे आला.

असे केस कोरडे का असतात, हे आम्ही उशिरा वाचून समजून घेतले. ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण अज्ञानाचा आणि अन्यायाचा संबंध जवळचा आहे. केस त्वचेखालच्या ज्या पेशीकोशातून उगवतो तो सरळ केसांच्या बाबतीत बहुधा सरळ आणि उभा असतो. कुरळ्या केसांच्या बाबतीत तो एका अंगाला वळलेला असतो आणि केसाचा छेद गोल नसून लंबगोल किंवा चपटा असतो. कोशालगतच्या ग्रंथीतून जे नैसर्गिक तेल पाझरते ते सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जाते. वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडते. लहान मुलांत या ग्रंथी वयात येईपर्यंत तशाही मंद असतात. म्हणजे मूल जितके लहान आणि केस जितके कुरळे, तितका कोरडेपणा अधिक. त्यात प्रत्येक वळणावर केसाच्या वरच्या आवरणाचे खवले किंचित उचललेले राहतात, एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि गुंता होतो. माळव्याचा कोरडा उन्हाळा आणि बोअरचे जड पाणी यांनी त्यात भरच पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असा केस कोरडा असताना विंचरला तर तो सुटत नाही, तुटतो.

आम्ही दोन वर्षे नेमके तेच करत होतो. आमच्या सौभाग्यवतींची रीत त्यांच्या आईकडून आलेली: शिकेकाईने खसखसून न्हाऊ घालणे, पंचाने रगडून पुसणे, वाळल्यावर बारीक दातांच्या फणीने टाळूपासून खाली ओढणे आणि मग खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या. सरळ केसांसाठी ही रीत निर्दोष आहे. तीन पिढ्यांचे केस तिच्यावर पोसले गेले. या केसांत मात्र शिकेकाईची भुकटी वळ्यावळ्यांत अडकून बसे, आणि फणी टाळूपासून निघाली की चार बोटांवर गाठ घट्ट आवळून थांबे. नात किंचाळे. सौभाग्यवती म्हणत, "रडू नकोस, तुझ्याच भल्यासाठी आहे." आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू. रोज सकाळी आठच्या सुमारास ते रडणे ऐकू येई आणि आम्ही बातमीचे पान उलटत असू. काही दिवसांनी फणी हरवू लागली. कधी गादीखाली सापडे, कधी तुळशीच्या कुंडीत. चार वर्षांच्या मुलीला तक्रार-अर्ज लिहिता येत नाही. तिने आपल्या परीने अर्ज केला होता. तो आमच्या दप्तरी पोहोचला, पण त्यावर कार्यवाही झाली नाही.

त्या वैशाखात सूनबाईंच्या वडिलांचे दुखणे निघाले म्हणून मुलगा आणि सून आठ दिवस वडोदऱ्याला गेले. नात आमच्यापाशी राहिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तोच आकांत झाला. उन्हाने मुलगी आधीच हैराण, डोक्यात घामोळे. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "एकदा अगदी बारीक करून टाका, नंतर सरळ येतील." आम्हांला ते पटले. (ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चूक आहे. केसाचे वळण त्वचेखालच्या कोशात ठरते. वरून कितीही कापले तरी कोशाला त्याची वार्ता नसते.) आम्ही नातीला हाताशी धरून नेहमीच्या केशकर्तनालयात नेले. बर्फाचा गोळा देऊ असे आमिष दाखवले. तिला काय होणार आहे हे सांगितले नाही, कारण सांगितले असते तर ती आली नसती.

दहा मिनिटांत काम झाले. ती रडली नाही. खाली पडलेल्या वळ्यांकडे पाहत राहिली आणि बर्फाचा गोळा तिने नको म्हटला. घरी आल्यावर तिने दोरीवरचा एक लहान पंचा ओढला आणि डोक्यावरून घेतला. तो पंचा पुढे नऊ-दहा दिवस उतरला नाही. जेवताना, खेळताना, निजताना तो हनुवटीखाली मुठीत धरलेला. सूनबाई परत आल्या, लेकीला तशी पाहून काही क्षण दारातच उभ्या राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, "बाबा, तिला विचारलं होतंत का?" त्या घरात आल्यापासून आम्हांला कधी उलट बोलल्या नव्हत्या, तेही उलट बोलणे नव्हते. आम्ही म्हणालो, "एवढ्याशा पोरीला काय विचारायचं? तिच्याच सोयीसाठी केलं." सोय हा शब्द तोंडातून निसटला आणि आमच्याच कानाला खटकला. आजवर घरात 'भले' आणि 'हित' हे शब्द चालत होते.

सरकारी नोकरीत आम्ही या दोन शब्दांची अदलाबदल आयुष्यभर पाहिली. एखादा बाजार हलवायचा, एखादी खिडकी दुपारी दोनलाच बंद करायची, एखाद्या वस्तीचा रस्ता वळवायचा, की टिपणीच्या आरंभी 'जनहितार्थ' हा शब्द येई आणि खाली वाचत गेले की कळे, सोय कार्यालयाची आहे. अशा टिपण्यांवर आम्हीही सह्या केल्या. त्यांत लबाडी असेच असे नाही. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला खरोखरच वाटत असे की जे आपल्याला सोपे ते लोकांना हितकर. नातीच्या केसांच्या बाबतीत आमची टिपणी याच नमुन्याची होती. सकाळचा आकांत आम्हांला सोसवत नव्हता, म्हणून केस गेले. आकांत कशामुळे होतो याचा शोध घेतला असता तर फणी बदलावी लागली असती, आणि फणी बदलणे म्हणजे मोठ्यांची रीत बदलणे.

यानंतर महिनाभराने आमची थोरली बहीण ग्वाल्हेरहून राहायला आली. ताईचे वय आता सत्तरीच्या पुढे. तोवर नातीच्या डोक्यावर बोटभर केस आले होते आणि अर्थातच ते पहिल्याइतकेच वळलेले होते. ताईने तिला मांडीवर घेतले, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, हे तर आत्याआजीचे केस."

आत्याआजी म्हणजे आमच्या वडिलांची आत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. आम्ही दहा वर्षांचे असताना, १९६९ मध्ये, ती गेली. आमच्या आठवणीतली आत्याआजी म्हणजे लाल आलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि आलेपाकाचा वास. दर पंधरवड्याला नाभिक मागच्या दाराने येई, न्हाणीघराजवळ पाट मांडला जाई आणि मुलांना अंगणात पिटाळले जाई. तिचे केस कसे होते, हा प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवलाच नाही. तिला केस असतात हेच ठाऊक नव्हते. ताईने सांगितले की अखेरच्या दुखण्यात आत्याआजी तीन-साडेतीन महिने अंथरुणाला खिळून होती. आईने वडिलांना निक्षून सांगितले की आता न्हाव्याला बोलवायचे नाही. केस दोन बोटे वाढले, पांढरेशुभ्र, आणि ते वळून वळून बसले होते. आई त्यांना तेल लावी. त्या वेळी ताई सोळा-सतरा वर्षांची होती. आत्याआजी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून पुन्हा पुन्हा चाचपून पाहत असे, आणि एकदा तिने आरसा मागितला होता, असे ताई म्हणाली.

'आमच्या घरात असे केस कुणाचेच नव्हते' हे आमच्या घराण्याचे विधान कशावर आधारलेले होते, हे तेव्हा कळले. केसांचे वळण एकाच गुणसूत्रीय कारणाने ठरत नाही. अनेक घटक मिळून ते ठरते आणि पिढ्या ओलांडून पुन्हा प्रकट होऊ शकते. तेव्हा आत्याआजीचे केस तिच्या भावाच्या खापरपणतीला, म्हणजे आमच्या नातीच्या बापाच्या शाखेतून... पण नात्यांचा हा हिशेब राहू द्या. मुद्दा असा की ज्या घराने एका मुलीचे डोके अठ्ठावन्न वर्षे पंधरवड्यागणिक साफ केले, तेच घर पुढे निरागसपणे विचारत होते की हे केस कुठून आले.

केशवपनाचा इतिहास या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. आगरकरांनी आपल्या लेखणीने या रूढीवर कोरडे ओढले. आम्हांला या इतिहासात एक गोष्ट विशेष वाटते. वस्तरा ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला. वस्तरा धरायला लावणारे आपण पांढरपेशे मात्र शास्त्रार्थ करत बसलो, आणि आमच्या घरात तर तो १९६९ पर्यंत चालला. त्या वेळीही शब्द 'हित' हाच होता. विधवेला मोह नको, लोकांची दृष्ट नको, परलोक साधावा. आत्याआजीचे वडील दुष्ट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता, असे घरात सांगतात. आम्ही ते खोटे मानत नाही, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक भयंकर वाटते. पंचा मुठीत धरून बसलेली नात आणि पदर मुठीत धरून बसलेली आत्याआजी यांची तुलना करणे अतिशयोक्तीचे आहे, हे आम्ही जाणतो. दोन महिन्यांत वाढणारे केस आणि अठ्ठावन्न वर्षे यांत तुलना ती काय. पण दोघींना कुणी विचारले नव्हते, एवढे साम्य उरतेच.

येथे एखादा वाचक विचारील की मग मुलांना हातच लावायचा नाही का? त्यांच्या मर्जीवर सोडून द्यायचे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे सर्वांत कठोर उदाहरणही केसांतच सापडते. बेळगाव भागातील वाचकांना ते अधिक परिचित असेल. मुलीच्या केसांची निगा राहिली नाही, गुंता वाढत गेला, त्यात तेल-धूळ मुरली, की केसांची जट होते. ही जट म्हणजे यल्लम्माचे बोलावणे मानून तिला कात्री लावायची नाही, अशी समजूत सौंदत्तीच्या आसपास आणि महाराष्ट्रातही दीर्घकाळ होती, आणि जट आलेल्या कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, तरी समजूत लगेच गेली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अलीकडेपर्यंत घरोघरी जाऊन, समजूत घालून, जटा सोडवत किंवा कापत आले आहेत. डोक्यावर शेर-दीड शेराचे ओझे, मानेचे दुखणे, उवा, आणि कापले तर कोप होईल ही भीती. तेथे कुणी वस्तरा लावला नाही, कुणी फणी ओढली नाही. उलट हात लावायचा नाही असेच ठरले, आणि त्यातूनच मुलीचे आयुष्य दुसऱ्याच्या हवाली झाले. म्हणजे हात न लावणे हेही निर्दोष नाही. गुंता सोडवायलाच हवा. मूल रडते म्हणून फणी कायमची ठेवून देणारी आजी प्रेमळ असेल, पण ती मुलीला जटेकडे ढकलत असते.

तत्त्वज्ञांनी या ठिकाणी आम्हांला फारसा हात दिला नाही. ज्या मिलचे आगरकर चाहते होते, त्याने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिताना आरंभीच स्पष्ट केले की हा स्वातंत्र्याचा सिद्धांत प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नाही. मुलांचे रक्षण त्यांच्या स्वतःच्या कृतींपासूनही करावे लागते, असे त्याचे म्हणणे. ते बरोबर आहे. पण रक्षण करणाऱ्याला लगाम कोणता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. पुढे १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांची संहिता स्वीकारली, तीत बारावे कलम असे की मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता यावे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. सेवेच्या अखेरच्या वर्षांत आम्ही बालकल्याणाशी संबंधित एका विभागात होतो आणि या कलमाचा उल्लेख असलेली परिपत्रके आमच्या सहीने जिल्ह्याजिल्ह्यांत गेली आहेत. त्या कलमाचा अर्थ बर्फाच्या गोळ्याच्या आमिषापर्यंत पोहोचतो, हे तेव्हा सुचले नाही.

'विचारावे' हे ठरले, तरी गोष्ट सोपी होत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या डायरीत सूचना आली की केस व्यवस्थित बांधून पाठवावेत. केस बांधलेलेच होते. ते फक्त सरळ नव्हते. त्यानंतर काही दिवसांनी नातीने स्वतःच सांगितले, "आबा, मला सरळ केस हवेत." येत्या माघात घरात धाकट्या मुलीचे लग्न आहे. सौभाग्यवतींनी आणि एक-दोन नातलगांनी सुचवले की ब्यूटी पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून आणावेत. आता तर मुलीचीच इच्छा आहे, मग विचारण्याचाही प्रश्न मिटला. आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. आपण ज्या संमतीची महती सांगत होतो, ती तर हाती आली होती.

पण ही इच्छा तिची होती काय? अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या अशा बाकी सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या संशोधनाची दखल घेतली. त्याच देशात, कुरळ्या केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये करावा लागला. तेथील वंशद्वेषाचा इतिहास आमचा नाही, आणि इंदूरच्या एका ब्राह्मणी घरातल्या मुलीचे दुःख त्या पंक्तीला नेऊन बसवणे अनुचित होईल. तरीही एवढे खरे की नातीच्या बाहुल्या, तिच्या चित्रपुस्तकांतल्या राजकन्या आणि दूरचित्रवाणीवरच्या शांपूच्या जाहिराती, सर्वांचे केस पाण्यासारखे खाली वाहतात. फणी गादीखाली लपवायला तिला कुणी शिकवले नव्हते. सरळ केस हवेत हे मात्र तिला शिकवले गेले होते.

म्हणून आम्हांला मुलाच्या 'नको'त आणि 'हवे'त एक फरक करावासा वाटतो. दुखते आहे, हे सांगायला भविष्याचे ज्ञान लागत नाही; चार वर्षांचे मूल त्या बाबतीत साठ वर्षांच्या माणसाइतकेच अधिकारी असते. त्याच्या 'नको'ने मोठ्यांचा हात थांबलाच पाहिजे, निदान दुसरा मार्ग शोधण्यापुरता तरी. 'हवे' म्हणायला मात्र पुढचे काही दिसावे लागते. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून उष्णता दिली की फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि त्या वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. २०२२ मध्ये अमेरिकेतील तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा असली द्रव्ये वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होते. ही प्रौढ स्त्रियांची पाहणी आहे आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आम्ही सिद्धतेची वाट पाहणार नाही. सूनबाईंनी स्पष्ट नकार दिला आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो. सौभाग्यवती चार दिवस अबोल होत्या. त्यांचेही चुकत होते असे नाही. लग्नघरात चारचौघे नातीला नावे ठेवतील, ही त्यांची काळजी खरी होती.

नकार नातीला समजावून सांगणे हे काम आमच्याकडे आले. आम्ही तिला आत्याआजीची गोष्ट सांगितली, अर्थात तिच्या वयाला पेलेल एवढीच. तिने विचारले, "मग आरसा दिला का तिला?" हे ताईला विचारायचे राहून गेले होते. फोन करून विचारले. ताई म्हणाली, दिला होता.

आता दर रविवारी सकाळी नातीच्या न्हाण्याचे काम आमच्याकडे आहे. पद्धत सूनबाईंनी शिकवली. आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा न्हाणे. दोन तास आधी खोबरेल, हलक्या हाताने. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, असे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले आहे. धुणे कोमट पाण्याने, आणि शक्यतो बोअरचे नव्हे, नर्मदेचे. मग केस ओले असतानाच कंडिशनर लावून त्यांचे चार भाग करायचे आणि आधी बोटांनी गुंता सैल करायचा. त्यानंतर रुंद दातांचा कंगवा, पण टाळूपासून नव्हे, टोकापासून. गाठ आली की तिच्या वरचा केस दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरायचा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. ही चिमूट आम्हांला जमायला दोन महिने लागले. पुसायला पंचा नाही. सौभाग्यवतींचे जुने, मऊ पडलेले सुती लुगडे, आणि तेही रगडायचे नाही, केस नुसते त्यात दाबून धरायचे. वेणी घालायची तर सैल. फार घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस मुळातून जातात. निजताना उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा. एकूण पाऊण तास लागतो. पूर्वी फणीने दहा मिनिटांत आटोपत असे.

या पाऊण तासात मध्येच कधी तरी गाठ अवघड निघते आणि नात म्हणते, "आबा, थांबा." मग आम्ही थांबतो. तिने पुन्हा मान खाली घातली की पुढे चालू. कधी कधी ती उगाचच थांबवते, केवळ आम्ही थांबतो की नाही हे पाहण्यासाठी. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणतात, "तुम्ही फार लाडावून ठेवलंय तिला." असेलही.

शाळेच्या डायरीत सूनबाईंनी उत्तर लिहिले की केस स्वच्छ आणि बांधलेले आहेत व ते जन्मतःच कुरळे आहेत. त्यावर पुढे काही लिहून आलेले नाही. केस आता खांद्यापर्यंत आले आहेत. सरळ केस हवेत, हे तिचे म्हणणे अद्याप संपलेले नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी ती ते पुन्हा काढते आणि दर वेळी आम्हांला नव्याने उत्तर द्यावे लागते. लग्नात केस मोकळे सोडायचे की बांधायचे, हे मात्र तिनेच ठरवायचे असे ठरले आहे. परवा विचारले तर म्हणाली, अजून ठरलेले नाही. सौभाग्यवतींनी माळणीला मोगऱ्याऐवजी अबोलीचे दोन गजरे सांगून ठेवले आहेत, एक लांब आणि एक आखूड.